बटणाखालचं कापड

नाही हो काका, साडीला फॉल नाही लावत मी. — पँटची चेनही नाही. काकूंना सांगा, कोपऱ्यावर लेडीज टेलर आहेत, ते लावतात. इथे काय करतात ते पाटीवर लिहिलंय, मोठ्या अक्षरात — 'जुन्या लष्करी कोटांची दुरुस्ती करून व काळ ठरवून मिळेल.' वाचलीत? वाचून विचारलंत? — असू दे, सगळेच विचारतात. मला काय वाटलं होतं, सांगू? चार वर्षं स्कॉटलंडला राहून जुनं कापड जपायला शिकले, तिथल्या थंडीत रात्रंदिवस एकच चित्र डोळ्यांसमोर — पुणं म्हणजे पलटणींचं गाव, घरोघरी ट्रंकेत एक तरी कोट असणार, लोक तो दोन्ही हातांवर धरून आणतील, मी तारीख सांगेन, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि इथे सदाशिव पेठेत येऊन दुकान उघडलं तर काय — चेन तुटलेल्या पँटी! एक जण तर हौशी नाटकातल्या इन्स्पेक्टरचा कोट घेऊन आला, म्हणे परवा प्रयोग आहे, जरा सैल करा, इन्स्पेक्टरचं पोट वाढलंय.

बसा ना. हे एक बटण लावून होईपर्यंत बोलता येईल, मग मला निघायचंय. तुमचा कोट ठेवा त्या टेबलावर. — नको, गादीवर नको, कसर असेल तर इथल्या सगळ्या कोटांना लागेल. हं. आजोबांचा म्हणालात? दुसऱ्या महायुद्धातला? आणि दाखला कशासाठी हवाय? — कुलवृत्तांतासाठी! अरे वा. नवी आवृत्ती निघतेय का तुमच्या कुळाची? पहिल्या आवृत्तीत कोण कोण होते? — वकील, मुख्याध्यापक — म्हणजे हेच आजोबा ना? — मामलेदार, पुन्हा वकील. बरोबर, एवढ्या दोनशे पानांत एकही माणूस बंदुकीच्या जवळपास गेलेला नाही, ते जरा खटकत असणार. फोटोशेजारी दाखला छापायचाय. माझ्या सहीशिक्क्याचा. 'परदेशात शिकलेल्या तज्ज्ञ' असंही छापणार? कित्ती छान.

देते ना, बघते. पण आधी हा माझ्या मांडीवरचा कोट बघा. वारज्याचा आहे. गेनबा म्हणून शिपाई होते, त्यांचा. त्यांची सून सोजरबाई घेऊन आल्या. लुगड्यात गुंडाळून, पीएमटीच्या बसमधून, मांडीवर ठेवून आणला होता. वारजं गेल्या वर्षी महापालिकेत गेलं ना, तेव्हा तिथल्या जुन्या लोकांच्या मनात आलं, गाव आता राहत नाही, निदान एक खूण राहावी. म्हणून मारुतीच्या देवळापाशी फरशी बसवताहेत — महायुद्धावर गेलेल्या गावच्या माणसांची नावं. उद्या पंधरा ऑगस्टला उघडायचीय. गेनबांचे कागद पानशेतच्या पुरात गेले, उरला हा कोट. सोजरबाई म्हणाल्या, "मामंजी ह्यो कोट घालून बर्मात गेलं हुतं. तू शिकल्याली हायस, तू दे लिहून." शिकलेली! मला तर असा आनंद झाला — अखेर आला ना कोट, दोन्ही हातांवर धरलेला!

मग मी तपासला. हे असं, भिंगाखाली, पांढरे हातमोजे घालून — सोजरबाई बिचाऱ्या मोज्यांकडेच बघत होत्या, त्यांना वाटलं मला हाताला काही झालंय. बटणांवर अशोकाचे सिंह. अस्तर सुती, पन्नास सालानंतरचं. म्हटलं, झालं! युद्ध संपलं पंचेचाळीसला, सिंह आले पन्नासला. आणि इतकं स्वच्छ लिहिलं हो मी, टाइप करून, शिक्का मारून — 'सदर कोट १९५० नंतरचा असून दुसऱ्या महायुद्धाशी त्याचा काहीही संबंध नाही.' 'काहीही' हा शब्द माझा. त्याची गरज नव्हती. पण मला वाटलं, या देशात कोणीतरी ठणकावून खरं सांगायला नको का? भावनेत वाहून जाणारे सगळे, मी एकटी काय ती पुराव्यावर उभी. — हसू नका, तुम्हीसुद्धा 'परदेशात शिकलेल्या' म्हणूनच आलात ना?

तो कागद त्यांच्या भावकीतल्या हिंदुरावांच्या हातात पडला. ते पारावर उभे राहिले आणि मोठ्याने वाचला, दोनदा. "बघा, गेनबा लढाईवर गेलाच नव्हता, मागनं भरती झाला आन् जन्मभर थापा मारल्या." पंधरा नावं होती, चौदा उरली. सोजरबाई परत आल्या तेव्हा मला वाटलं भांडतील, मी तर उत्तरंही तयार ठेवली होती. त्या नाही भांडल्या. एवढंच म्हणाल्या, "नाव नसंना का पोरी. कोट तेवढा नीट कर, मनगटापाशी कसरीनं खाल्लाय." — पाणी देऊ का तुम्हाला? नको? मला हवंय, थांबा.

तर ते मनगटाचं भोक. इतकं बारीक रफू मला येत नाही. हो, येत नाही, आमच्या स्कॉटलंडच्या शाळेत भोक झाकायचं नसतं, भोक जपायचं असतं. म्हणून काल दुपारी बिबवेवाडीला दत्तोबांकडे गेले. म्हातारे रफूगार आहेत, पूर्वी कॅम्पात पलटणींच्या कपड्यांचं दुकान होतं. इतके दिवस मी त्यांच्याकडे गेले नव्हते, खरं सांगायचं तर त्यांना साध्या रिळाच्या दोऱ्याने शिवताना पाहिलं होतं आणि मनातल्या मनात नापास केलं होतं. त्यांनी कोट मांडीवर घेतला, चष्मा नाही, भिंग नाही, आणि विचारलं, "बर्मावाल्याचा का?" मी म्हटलं, नाही, पन्नासनंतरचा आहे. "कोण म्हणतं?" म्हटलं, मी म्हणते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग एक बटण अंगठ्याने असं वर उचललं. — या इकडे, बघा तुम्हीसुद्धा. दिसतंय? बटणाखाली गडद गोल आहे. बाकी कापड उन्हाने उडालंय, तेवढंच जुन्या रंगाचं. आणि तो गोल बटणापेक्षा मोठा आहे. म्हणजे याच्या आधी इथे मोठं बटण होतं, वर्षानुवर्षं. दत्तोबा म्हणाले, "राणीराजाचा मुकुट काढा, सिंह लावा, असा हुकूम निघाला होता बाई. आमच्याकडे पोत्यानं बटणं यायची. आम्ही जुन्याच कोटांना लावली. नवे कोट काय झाडाला लागत होते?" अस्तरही तेव्हाच बदललं, फाटायचंच ते. मग त्यांनी खांद्यापाशी चार टाके उसवले — मी ओरडलेच, आमच्या शाळेचा पहिला नियम, मूळ टाका उसवायचा नाही! तर ते म्हणाले, "मूळ कुठला? ही शिवण माझ्याच हातची असंल." आणि अस्तराखाली शिक्का. शाईचा बाण, इंग्रजांच्या लष्करी मालाची खूण, आणि शेजारी साल — बेचाळीस.

चार टाके, काका. चार टाके उसवायचे नाहीत म्हणून मी एका माणसाला खोटारडा ठरवला.

आता तुमचा. मुकुटाची बटणं आहेत — अगदी खरी, चकचकीत. उचलून बघू? कापड खाली-वर सारखंच. एकच रंग. म्हणजे ही बटणं परवापरवा लागलीत. आणि हा कोट लष्कराचा नाहीच, रेल्वेच्या पॉइंट्समनचा आहे. आणि डाव्या बाहीवरचा हा हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका — हा मी ओळखते. रविवारी जुन्या बाजारात मीच हा अंगात घालून पाहिला होता. तेव्हा त्याला बटणंच नव्हती. — उठू नका एवढ्यात. रागवण्यासारखं काय आहे त्यात? आजोबा मुख्याध्यापक होते हे वाईट आहे का? चाळीस वर्षं शाळा चालवली असेल त्यांनी, ते छापा की. त्यांनाही युद्धावर पाठवायचं, मेल्यावर, दुसऱ्याच्या कोटात?

काय म्हणालात? — वारज्याला दुरुस्तीपत्र पोस्टाने पाठवा, विषय संपला? हं, काल रात्री मीही तसंच लिहिलं होतं. छान लिहिलं होतं, 'उपलब्ध नव्या पुराव्याच्या प्रकाशात' वगैरे. त्यात 'माझं चुकलं' एवढं सोडून सगळं होतं. सकाळी वाचलं आणि फाडलं. चुकीचा कागद पारावर वाचला गेला, आणि बरोबर कागद पाकिटात बसणार? हिंदुराव तो खिशात घालतील आणि उद्या नारळ फोडतील.

झालं, लागलं बटण. तर आज सकाळी ठरवलं. लुना काढायची, वारज्याला जायचं, त्याच पारावर उभं राहायचं, आणि कोट उलटा करून तो बेचाळीस सगळ्यांना दाखवायचा, हिंदुरावांना आधी. मोजे न घालता. आणि 'माझं चुकलं' हे तोंडाने म्हणायचं, दोनदा — त्यांनी दोनदा वाचलं होतं. उद्यापासून माझ्या शिक्क्याला कोणी विचारणार नाही म्हणता? नको विचारू दे. सकाळी फोन करून विचारलंय — पाथरवटाने फरशीवर खाली एका ओळीची जागा मोकळी सोडलीय अजून, दुपारपर्यंत थांबतो म्हणालाय.

सरका काका, कुलूप लावायचंय. तुमचा कोट राहिला — हो, हा घ्या. आणि काकूंची साडी सोमवारी पाठवा. लावते फॉल.