पाहुणाबी रडायला लागला

माझं माहेर देवणीकडलं, दिलं मुदखेडच्या बाजूला एका खेड्यात. घरची शेती व्हती, पण आमचे मालक फौजेत. बाप म्हणला पोरगा सरकारी हाय, आई म्हणली सरकारी हाय पण बंदूकवाला हाय, आन् काय सांगू तुम्हाला ताई, आईची ती फिकीर हळद लागल्यापासून माझ्या अंगाला चिकटली ती आजवर निघाली न्हाई.

मालक सुट्टीला आले की भांडी घासू लागायचे, सासूचे पाय दाबायचे, गावातले हसायचे, म्हणायचे बायकोचा शिपाई झाला. ते म्हणायचे, हाव, झालो, तुमचं काय जातंय? पण सुट्टी संपत आली की मी त्यांची ट्रंक भरायलाच घ्यायची न्हाई.

पोरगी झाली, संगीता. ती वर्साचीबी न्हवती आन् तिकडं वर, सरहद्दीला लढाई लागली, मालकबी तिकडंच. गावात एकच फोन, तोबी बंद. रेडिओ लावला की सासू म्हणायची बंद कर, बंद केला की म्हणायची लाव. अशात एक दिवस दुपारच्याला दारात फौजी कपड्यातला सरदारजी हुबा, एकटाच, हातात गाठोडं. मालकाचं नाव घेतलं, म्हणला यही घर है क्या. बस, इतकंच. सासूनं हंबरडा फोडला, शेजारच्या बाया धावल्या. आन् त्या पाहुण्यानं बूट काढले, सासूचे पाय धरले, आन् तोबी रडायला लागला. गाठोडं पुढं केलतं ते मागं घेतलं. आता सांगा, आम्ही काय समजायचं? एक म्हातारी माझ्या बांगड्यांला हात घालायला आली, मी हात हिसकला, म्हणलं खबरदार, त्याच्या तोंडातून ऐकल्याबिगर कुणी शिवायचं न्हाई मला. पोरगी काखेत, तशीच त्याच्यापुढं गेले, म्हणलं भैया, मेरा आदमी जिंदा है क्या नै, बोल.

त्यानं डोळे पुसले. म्हणला, भाभी, उसीने तो मुझे गाडी में बिठाया. नांदेडला गुरुद्वाऱ्याला जायलास तर तिथून माझं गाव जवळ हाय, लेकराचं स्वेटर आन् मिठाई दे, असं आमच्या मालकानं त्याला सांगितलेलं. बिचारा दारात आला तर सगळे रडून राहिलेले, त्याला वाटलं ह्या घरात कुणी गेलं, सुतकात मिठाई कशी द्यावी! म्हणून गाठोडं लपवलं. सासूनं रडता रडताच त्याला भाकर वाढली, म्हणली मुडद्या, आधी बोलायचं न्हाई का.

मालक सुट्टीला आल्यावर हे ऐकून लई हसले, मग गोठ्यात गेले ते बाहेरच येईनात. जाऊन बघितलं तर बैलाच्या पाठीवर हात ठेवून रडून राहिलेले.

पुढं पेन्शनीत आले, लातूरला बँकेच्या दारावर नोकरी धरली. संगीताची वेणी तेच घालायचे, इतकी घट्ट की पोरीचे डोळे ताणायचे. आन् त्या पोरीनं काय करावं? फौजेत गेली! मी अन्न सोडलं, म्हणलं एकाची फिकीर पुरली न्हाई का? मालक म्हणले, जाऊ दे तिला. आता तीबी वर, डोंगरात हाय. तिचा फोन आला न्हाई की मालक म्हणायचे, रेंज नसंल, तू जेव. आन् स्वतः ताटाला हात लावायचे न्हाईत.

गेल्या वर्षी ते गेले. घरीच, चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या. खबर आणायला कुणी लागलं न्हाई, मी समोरच व्हते. लोक म्हणले लढाईतून वाचलेला माणूस घरात शांत गेला, नशीब. हाव, नशीब. पण रेंज नसंल म्हणणारं आता कुणी राहिलं न्हाई. परवापासून पोरीचा फोन न्हाई. सकाळी मीच मोठ्यानं म्हणलं, रेंज नसंल, तू जेव. आन् ताट वाढून नुसती बसून राहिले. देव सगळ्यांच्या लेकरांला सुखाचं ठेवो बाई, माझ्याबी. तिनं देश राखावा, मी आडवी येत न्हाई, पण आधी आईला एक फोन करावा.