दवातले पाय

गरिबाचं तोंड बंद करणारी पाटी ज्यानं लावली, तो आज या मंडपात पहिल्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही. आख्यानात नुसतं 'साहेब' म्हणू. मंडपाचा खर्च त्याचा, माझ्या खांद्यावरची शालही त्याचीच. म्हणून आधी विचारून घेतो, मंडळी — ज्याला सगळं येतं, त्याची चूक त्याला सांगायची कुणी?

ऐका. टेकडीखाली गोल्फचं मैदान. गोल्फ म्हणजे काय? काठीनं चेंडू लांब मारायचा आणि आपणच शोधत हिंडायचं. हसू नका काका, तुमचा चष्मा तसाच सापडतो. तर साहेब तिथले सात वर्षं अजिंक्य. त्यांची काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी गेनू शेलार, तीस वर्षं छातीवर क्लबचा बिल्ला. बिल्ला आहे तर फाटकाच्या आत, नाही तर बाहेर.

एका वर्षी साहेबांचा चेंडू बिथरला. कधी भोकावरच्या झेंड्यापाशी, कधी उजवीकडच्या बाभळीत. लगेच गुरू आणला — विमानानं! कॅमेरा लावला. मनगट असं, खांदा तसा, कंबर अमुक अंशात. महिनाभर हातांची दुरुस्ती. पूर्वी दहातले चार बाभळीत जायचे, आता दहाच्या दहा. गुरू म्हणतो, "छान. सातत्य आलं."

गेनूला चूक दिसत होती. पण फाटकावर पाटी — 'कॅडीने सभासदास खेळ शिकवू नये. बिल्ला जप्त होईल.'

स्पर्धा तीन दिवसांवर. सकाळी गवतावर दव. साहेबांनी मारला — बाभळीत. काठी आपटली.

"गेन्या, सोडला मी खेळ."

गेनूनं बिल्ला चाचपला. मग म्हणाला, "साहेब, जरा मागं या. पाय बघा."

दवात दोन बुटांचे ठसे. दोन्हींच्या टोकांना लावून गेनूनं काठी आडवी ठेवली. काठी रोखलेली बाभळीकडे.

"हात शहाणे होते तुमचे. पाय चुकायचे, हात ओढून सावरायचे. गुरुजींनी हात सरळ केले. आता चेंडू पायांचं ऐकतोय."

"अरे, मग आधी का नाही बोललास?"

"पाटीवर सही तुमचीच हाय."

साहेब पाय वळवून उभे राहिले. चेंडू झेंड्यापाशी. स्पर्धेत करंडक. फुलांचा हार कुणाला? गुरूला! चहाच्या वेळी साहेब हसत बोलून गेले, "खरं तर आमच्या गेन्यानं पाय दाखवले." दुसऱ्या दिवशी कमिटी बसली आणि गेनूचा बिल्ला काढून घेतला. साहेब त्या बैठकीत होते. चकार शब्द नाही.

तुम्ही काय माना डोलावताय? घरात सुनेनं चूक दाखवली, तर तुम्ही चूक बघता की सुनेकडं? देवाचे पाय रोज धरता. स्वतःचे कुठल्या दिशेला आहेत, कधी पाहिलंत?

ही शाल घ्या परत. गेनू बाहेर चपलांपाशी उभा आहे. आत ये म्हटलं, तर म्हणाला, "महाराज, बिल्ला नाही." आरतीचं तबक तयार आहे, पण निरांजन मी पेटवणार नाही. पहिल्या रांगेतून आधी उत्तर येऊ द्या — त्याचा बिल्ला कधी देताय?