सासूबाईंचा कडू पाला

हॅलो?… कोण, वेनिंग? अगं, भरदुपारी फोन? कामावर नाहीस?… हो, हो, जेवले. तेम्पे तळलं होतं… आमचे हे, तुझे बापाकही जेवले, दोन घास. अगं ऐक ना, आधी तुझ्या इबूचं, आईचं ऐक! तुझा तो फोन आला त्या दिवशी मशिदीच्या पायरीवर बसून लेकीची नुसती टिमकी वाजवत होते… कोण म्हणजे? तुझे बापाक! माझ्या सासूबाईंचा पाला तुझ्या सुराबायाच्या प्रयोगशाळेत गेला, आणि काविळीचे विषाणू बशीत पटापटा मेले… तूच म्हणालीस ना?

तेव्हापासून देतेय की त्यांना त्याच पाल्याचा काढा. सकाळ-संध्याकाळ… पेलाभर… अगं, ओरडतेस काय? जामूचे काढे विकण्यात जन्म गेला माझा, मला काढा शिकवतेस?

गोळ्या?… दवाखान्यातल्या ना? त्या सोडल्या… अगं, पाला लागू पडतोय तर दोन्ही कशाला?… नाही, तू सोडा म्हणाली नव्हतीस. पण किती हसत होतीस गं फोनवर!

काय?… पुन्हा तपासलं. बरं, मग?… विषाणू मेले, तेच तर… आणि पेशी? कुठल्या पेशी?… बशीत वाढवलेल्या. यकृताच्या… त्याही?… सगळ्या? थांब, थांब. सावकाश सांग.

म्हणजे… घरच जळलं, म्हणून उंदीर मेले. असंच ना?

…डोळे? पिवळेच आहेत… हो. जास्तच. पोटही फुगलंय… मला वाटलं, घाण बाहेर पडताना होत असेल असं. काल उलटी झाली… काळी… तुला उगाच घोर नको म्हणून नाही सांगितलं गं.

रडू नकोस. वेनिंग, रडू नकोस ना, मलाही… हो, गाडी बघते. आत्ता नेते… नेते गं, पण डॉक्टर करतील काय? तू रोज हेच बघतेस, खरं सांग. माझी शपथ… उशीर झाला ना?

…बरं.

अहो, आले!… थांब, हाक मारताहेत… अहो, वेनिंगच आहे!… काय म्हणते?… म्हणते… म्हणते, तुम्हाला आता कडू प्यायची गरज उरली नाही.

…ऐकलंस? हसले. किती दिवसांनी हसले गं… ठेव. ठेव आता.