फाट्यावरची मोहर

मशीनच्या तोंडाचं रबर राहू द्या साहेब, ते म्या कालच बदललं — तेलाची सुई टोचू टोचू त्याले भोकं पडतात, गॅस निसटते, माहीत हाय मले. आतली काचेची नळीबी धुतली. कमी तापलं त तेलाची वाफ पुरी होत नाई, म्हणून तापमानबी वाढवून पाह्यलं. काईच फरक नाई. तेल तपासून मशीन कागदावर जे डोंगर काढते ना, ते सारेच खुजे. रोशा गवताचं तेल हाय हे, चिखलदऱ्याकडच्या भट्ट्यांवरचं — त्याचा मोठा डोंगर येते, तो येतच होता, पण बुटका. अन् भेसळ असली त त्याच्या आंधी टर्पेंटाइनचा एक बारकासा उंचवटा येते. तो काई दिसला नाई. म्हणून म्या लिहून देलं, माल चोखा. अन् पिंप मुंबईहून वापस आलं, आत टर्पेंटाइन. तुमाले तिथल्या घेणाऱ्यानंच मशीन पाहाले धाडलं ना? तेच म्हटलं — आमचे मालक, खुशालराव, ते त म्हणत होते, मशीनले काय धाड भरली, काहून उगाच माणूस बोलावता.

ते म्हणतात माहा हात खराब हाय. देवमन, तुहा हात हळू चालते रे — सुई खुपसली का एका दमात दाबून बाहेर काढावी लागते, नाई त तेल सुईतच राह्यते. खरंच हाय ते. म्या घरी पाण्यावर सराव केला. चतुरा, माही बायको, म्हणे, येडे झाले का, पिचकारी घेऊन काय बसता. मंग अमरावतीच्या साऱ्या दलालांसमोर खुशालराव म्हणाले, या पोराच्या हाताची चूक झाली. अन् म्या हो म्हणून मान हालवली. काहून नाई हालवणार? आमी बुद्धाचा धर्म घेतला तवापासून भातकुलीत आमच्या दारात कोणी चहा पेत नव्हतं, अन् हा माणूस माह्या लग्नात मांडवात पंगतीले बसला, दुसऱ्या खेपेले वरण मागून जेवला. असा माणूस खोटं बोलते हे मनात तरी येईन का?

तो इस्क्रू? तो फाट्यावरचा हाय. तिथं वाफेच्या दोन वाटा होतात — चिमूटभर लांब नळीत जाते, तिथं तेलातलं एकेक वेगळं होते, बाकीची बाहेर. कुठं किती जाईन ते तो इस्क्रू ठरवते, तुमाले काय सांगू. नाई, तिथली वाफ म्या मोजली नाई. त्याच्यावर लाख हाय ना, मोहर हाय. आमच्या बजारात तेलाचा डबा भरला का लाख लावून मोहर मारतात, मंग त्या डब्याले कोणी पुन्हा हात लावत नाई. बाजूच्या जिनिंगच्या हादऱ्यानं इस्क्रू ढिला होये, म्हणून म्याच म्हटलं, त्यालेबी लाख लावून टाकू. मोहर खुशालरावांनी मारली. त्यायच्या अंगठीवरच हाय ती, आंघोळीलेबी काढत नाईत.

लावा, बाहेरच्या तोंडाले तुमची वेग मोजायची साबणाची नळी लावा. बुडबुडा सावकाश चढला पाह्यजे. आता पाहा — थांबा, हा त पळून राह्यला. पुन्हा लावा बरं. म्हणजे जवळपास सारी वाफ बाहेरच जाऊन राह्यली, नळीत नावापुरती, मंग तो बारका उंचवटा दिसन कसा? पण लाख त शाबूत हाय साहेब. मोहर तीच हाय. फक्त — म्या लावली ती लाख काळपट होती, गोदामातली. ही लाल हाय.

नाई, तशी अंगठी दुसऱ्या कोणाजवळ नाई. टर्पेंटाइन? हो, आले होते डबे, दिवाळीच्या सुमाराले. म्या विचारलं त म्हणाले, दरवाजे रंगवायचे हायेत. दरवाजे कुठं रंगवले — तसेच हायेत, तुमी आता त्याच्यातूनच आले ना.

भेसळ केली असती अन् मले सरळ काढून टाकलं असतं, त चार शिव्या देऊन गावाले गेलो असतो. पण त्यानं मले माह्याच हातावर शंका घ्यायले लावली, अन् मी येड्यासारखा घरी पाण्यात सुई बुडवत बसलो. दगा देला साहेब. इतके शिकलेले पोरं अमरावतीत फिरतात, त मलेच कामावर काहून घेतलं? तवा वाटलं, मोठ्या मनाचा माणूस हाय. त्याले असा पाह्यजे होता का जो त्याच्यावर कधी शंका घेणार नाई. अन् ते वरण — ते बी तेवढ्यासाठीच मागून घेतलं का?

नाई, ती लाख आता खोलू नका, राहू द्या. जिन्यावर तोच हाय, पाय ओळखतो मी त्याचे. आता येईन अन् म्हणीन, काय निघालं रे देवमन, मशीन बरी हाय ना? तुमी काई सांगू नका. मले पाहू द्या, कोणत्या तोंडानं विचारते.

आला. चूप.