लोणीच्या बोटातला थेंब

सिस्टर : थांबा, यंत्राचंच काहीतरी बिनसलंय. तिचा दुसरा हात द्या इकडे.

आजी : पुन्हा टोचणार? आत्ताच तर टोचलंत. लस द्या नि मोकळं करा आम्हाला. सूनबाईला कामावर जायचंय, अर्ध्याच दिवसाची रजा मिळालीय तिला.

सिस्टर : दोन मिनिटं, आजी. हे यंत्र आजच आलंय दवाखान्यात. लसीला येईल त्या प्रत्येक बाळाचं रक्त बघायचंय. सकाळपासून नऊ बाळं झाली, असा आकडा एकाचाही आला नाही.

सून : किती आलाय?

सिस्टर : आधी पुन्हा बघू दे. घट्ट धर तिला.

आजी : धरायला कशाला हवं? आमची लोणी रडते कुठे? बघा, सुई टोचली तरी हूं की चूं नाही. आख्ख्या गल्लीत इतकं गुणी पोर सापडायचं नाही. उशीला टेकवून ठेवली की मी धुणंभांडी उरकून येईपर्यंत तशीच बसलेली असते.

सिस्टर : लोणी म्हणता होय तुम्ही हिला?

आजी : लाडानं. जन्मली तेव्हा बापासारखी सावळी होती. मग दिवसेंदिवस उजळत गेली, अगदी लोण्याचा गोळा. बायका विचारतात, आजी, काय लावता हो नातीला? मी म्हणते, काही नाही, नुसतं दूध.

सिस्टर : पाच पूर्णांक दोन.

सून : म्हणजे काय?

सिस्टर : मघाशीही एवढंच आलं होतं. यंत्र बरोबर आहे. अगं, अकरा महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन निदान अकरा तरी हवं. हिचं निम्मंही नाही.

आजी : असं कसं होईल? वजन बघा की तिचं. मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, वजन छान आहे म्हणून.

सिस्टर : म्हणाले. तीन खेपांना म्हणाले. कार्डावर तिन्ही सह्या माझ्याच आहेत. काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, पुढचं बाळ घेतलं. एकदाही हिची पापणी उलटून बघितली नाही मी.

सून : पापणी कशाला?

सिस्टर : ही बघ. आतून लाल दिसायला हवी. कशी कागदासारखी आहे. आता तिचा तळहात माझ्या हाताशेजारी ठेव.

सून : मला वाटायचं, गोरी आहे म्हणून.

सिस्टर : गोरी नाही गं झाली ती. रक्त उतरलंय तिचं.

आजी : मी तिला दारोदार दाखवत फिरले, सिस्टर.

सिस्टर : आणि गुणी आहे म्हणून गप्प बसत नाही ती. रडायला, रांगायला अंगात ताकद लागते. छाती बघा कशी भराभर उडतेय. हे कधीपासून?

सून : मला नाही सांगता येणार. मी सकाळी निघते तेव्हा झोपलेली असते.

आजी : बाटली तोंडाला लावली की धापा टाकते जरा. मी म्हणायची, हावरट आहे, कुणी मागे लागल्यासारखी पिते.

सिस्टर : बाटलीत काय असतं?

आजी : गायीचं दूध. चांगलं उकळलेलं. पाण्याचा थेंब घालत नाही मी त्यात.

सिस्टर : कधीपासून?

सून : तिसरा महिना संपल्यापासून. शर्टांच्या कारखान्यात काजं करते मी. नव्वद दिवसांच्या वर घरी राहिलं तर मशीन दुसरीला देतात.

सिस्टर : दिवसाला किती बाटल्या?

आजी : पाच. कधी सहा. मागेल तेवढ्या. माझ्या हातून ती उपाशी राहिलेली नाही.

सिस्टर : पोट भरलं, आजी. म्हणूनच वजन भरलं. पण गायीच्या दुधात लोह नसल्यातच जमा, आणि रक्त व्हायला लोहच लागतं. त्यात इतक्या लहान आतड्याला ते दूध सोसत नाही, डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त आतून झिरपत राहतं. सहा बाटल्या प्यायल्यावर दुसरं काही खायला जागा तरी कुठे उरते? आणखी काय देता?

आजी : भाताची पेज. आणि मी चहाला बसले की माझ्या कपात बिस्किट बुडवून. आवडीनं खाते हो.

सिस्टर : चहा रोज?

आजी : दोनदा. चहानं काय होतंय? घोटभर तर असतो.

सिस्टर : अन्नात असलेलं थोडंसं लोहही चहा अंगी लागू देत नाही. बरं, सहाव्या महिन्यात मी लोहाच्या थेंबांची बाटली दिली होती. ती संपली का?

सून : संपली असेल. मी रोज घरी आले की पहिलं तेच विचारते. आई, थेंब दिलेत? त्या हो म्हणतात.

सिस्टर : आजी?

आजी : शी काळी व्हायला लागली. कोळशासारखी. मी घाबरले. म्हटलं, हे कसलं औषध, पोरीच्या पोटात काहीतरी होतंय.

सून : म्हणजे दिलेच नाहीत?

आजी : चार दिवस दिले.

सून : पाच महिने तुम्ही मला हो म्हणत होतात, आई?

आजी : तू थकून यायचीस. सांगितलं असतं तर घोर लागला असता तुझ्या जिवाला.

सिस्टर : लोहानं शी काळी होतेच. त्यात काही वाईट नसतं. हे मी बाटली देतानाच सांगायला हवं होतं. त्या दिवशी बाहेर चाळीस बायका उभ्या होत्या. बाटली हातात ठेवली नि पुढचं नाव पुकारलं. अगं, आता तुझं बोट दे.

सून : माझं कशाला?

सिस्टर : बाळ पहिले सहा महिने जे लोह वापरतं त्याची शिदोरी आईच्या पोटातच बांधली जाते. बघू दे, तुझ्याकडे बांधून द्यायला होतं किती. ही पूर्ण दिवसांची होती?

सून : महिनाभर आधीच झाली.

सिस्टर : आणि भरून घेण्याचा महिना नेमका तोच असतो. ही पोटात असताना लोहाच्या गोळ्या घेतल्या होत्यास?

आजी : घेतल्या तर. माझ्यासमोर तोंडात टाकायची.

सिस्टर : मी हिला विचारतेय.

सून : मळमळायचं. मशीनवरून तीनदा उठलं की मुकादमबाई नावापुढे खूण करायची. तोंडात धरायची मी गोळी. मग मोरीत जाऊन थुंकायची.

आजी : माझ्यासमोर पाणी प्यायचीस की तू.

सून : पाणी प्यायची.

सिस्टर : सहा पूर्णांक नऊ.

सून : हे माझं?

सिस्टर : तुझं. तू उभी तरी कशी राहतेस गं दिवसभर?

सून : बसूनच असतं आमचं काम. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा कठडा धरते. आमच्या ओळीतल्या सगळ्याच धरतात. मला वाटलं, कामाचं असेल.

सिस्टर : ही जमिनीवर असताना काही तोंडात घालते का? माती, चुना, असलं काही?

सून : भिंत चाटते. पलंगाजवळचा पोपडा निघालाय, तिथली. मी तिथे कापड लावलं तर कापड ओढून पुन्हा चाटते.

सिस्टर : लोह कमी पडलं की असं होतं. जीव नको ते मागतो. मोठी माणसंही खातात. आजी, काय झालं? बसा त्या स्टुलावर.

आजी : खोड नसते ती?

सिस्टर : नाही.

आजी : माझी थोरली माती खायची.

सून : थोरली? पण थोरले तर हे ना, आई?

आजी : त्याच्या आधीची. कुणाला सांगितलं नाही मी. दहा महिन्यांची होऊन गेली. अशीच होती, पांढरीफटक. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पायगुण माझा. दिवसभर अंगणात माती खायची, आणि मी तिच्या हातावर मारायची. मला वाटायचं, वाईट खोड आहे, आत्ताच मोडायला हवी.

सिस्टर : आजी, तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आजी : गेली त्या सकाळीसुद्धा मारलं होतं. बोटांना माती होती. आंघोळ घालताना मी ती धुऊन काढली.

सून : आई, पाणी घ्या.

आजी : नको. सिस्टर, माझं बोट घ्या. लोणीला रक्त लागलं तर माझं द्या.

सिस्टर : तुमच्या वयात रक्त घेत नाहीत हो.

आजी : बघा तरी.

सिस्टर : बरं. द्या हात. आठ पूर्णांक एक.

आजी : म्हणजे माझ्याकडेही नाही.

सिस्टर : नाही.

सून : आमच्या यांचं पंधरा आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. कागद आणून दाखवला होता मला, डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखी तब्येत आहे.

सिस्टर : पंधरा? आणि तुम्हा तिघींची ही गत? एकाच घरात राहता ना? एकाच चुलीवरचं जेवता?

सून : चूल एकच. पण आधी ते जेवतात. मग मी आईंना वाढते. मग भांडं पुसून घेते.

सिस्टर : आणि भांड्यात काय उरतं?

सून : भात उरतो. रस्सा उरतो कधी.

आजी : मलाही सासूनं असंच शिकवलं. मी हिला शिकवलं.

सिस्टर : हे नंतर बोलू. मी मोठ्या रुग्णालयाला फोन करते. गाडी येईपर्यंत तू हिला छातीशी धरून बस, झोपवू नकोस. बहुतेक रक्त चढवावं लागेल. नवऱ्याला कळव, थेट तिकडे ये म्हणावं.

सून : मशीन जाईल माझं.

आजी : जाऊ दे मशीन. तू पोरीजवळ बस. कारखान्यात मी जाते सांगायला.

(सात आठवड्यांनंतर. तीच खोली, लसीचाच दिवस.)

सिस्टर : नऊ पूर्णांक आठ. छान चाललंय. अजून थेंब बंद करायचे नाहीत हं, निदान तीन महिने.

सून : मीच देते आता, सकाळी निघायच्या आधी. मशीन गेलं, पण घड्या घालायचं काम दिलंय. उभ्यानं असतं.

सिस्टर : आणि तुझ्या गोळ्या?

सून : जेवल्यावर घेतल्या की मळमळ कमी होते, तुम्ही म्हणालात तसं. आठ पूर्णांक सहा आलं परवा.

सिस्टर : जेवतेस कधी?

सून : सगळ्यांबरोबर. रुग्णालयातून घरी आलो त्या पहिल्या दिवशी आईंनी चार ताटं मांडली. चौथं लोणीचं, बशीच म्हणा. हे म्हणाले, आज कुणी पाहुणे आहेत का? आई म्हणाल्या, बस खाली, मसूर निवतेय. अजून जरा अवघडल्यासारखंच बसतात ते.

सिस्टर : आजी कुठे आहेत? बरोबर आल्यात म्हणालीस ना?

सून : बाहेर. रांगेत.

सिस्टर : रांगेत कशाला? लोणीचं तर झालं.

आजी : आले, आले. सिस्टर, हे बाळ बघा जरा.

सिस्टर : हे कुणाचं?

आजी : जिन्यापलीकडच्या बिऱ्हाडातलं. आठ महिन्यांचं. आई यायला तयार नव्हती. म्हणाली, आमचं बाळ ठणठणीत आहे, उगाच सुया कशाला टोचायच्या? मी भांडले नाही. तिच्या उंबऱ्यावर बसले आणि माझ्या थोरलीचं सांगितलं. सगळं सांगितलं, हातावर मारायची तेसुद्धा.

सिस्टर : द्या इकडे. पापणी फिकीच दिसतेय. याच्या आईला कुठे सोडून आलात मग?

आजी : दाराबाहेर उभी आहे, घाबरलीय. तिला आत घ्या, सिस्टर. आधी तिचं बोट बघा.