कळपाच्या ओळखीचा आवाज

रिस्तेन : झाकण लावू नकोस. उघडंच राहू दे. माझ्या गाडीत काय घालून ठेवलंयस ते मला बघायचंय.

योव्ना : बघून काय कळणार तुला? मागच्या क्लचची स्प्रिंग आहे. जुनी काढली, कडक घातली. आतली तिरकी चकतीही बदलली. एवढंच.

(युरोपच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या बर्फाळ पठारावर, रिस्तेनचे वडील हेयका यांच्या घरामागची शेड. एप्रिल आहे, रेनडिअरच्या माद्या विणीला आल्यात. रिस्तेन आत्ताच कळपाकडून परतली आहे, आणि तिच्या स्नोमोबाईलची बाजू उघडून तिचा धाकटा भाऊ मान खाली घालून बसलाय. मान खाली घालायची सवय त्याला फारशी नाही.)

रिस्तेन : एवढंच म्हणे. मला न विचारता.

योव्ना : विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?

रिस्तेन : नसते म्हणाले. म्हणून तर विचारायचं असतं.

योव्ना : बरं, झालं काय ते तरी सांग. आल्यापासून नुसती आग ओकतेयस.

रिस्तेन : बाबा चालवायचे ती गाडी ही. मी सुरू करते नि कळप मागून चालायला लागतो. आवाज ओळखतात त्या. आज हळूच निघाले, रोजच्यासारखी, तर गाडी किंचाळायलाच लागली. वेग तोच, आवाज भलताच. कळपाच्या पुढे चालणारी घंटावाली म्हातारी मादी थबकली, कान टवकारले, आणि वळून सुटली. तिच्यामागे सगळ्या. गाभण माद्या, योव्ना. पोटं हिंदकळत पळत होत्या.

योव्ना : कुठे गेल्या?

रिस्तेन : तळ्यावरून थेट पेरकाकांच्या कळपाकडे. काकांनी आपली माणसं बर्फात आडवी उभी केली म्हणून थांबल्या. मिसळल्या असत्या तर विणीच्या तोंडावर कोण वेगळ्या करणार होतं, तू? काका मला विचारतात, ‘कुणाची गाडी आणलीस गं?’ माझ्याच गाडीवर बसलेय मी, आणि मला विचारतात. मान वर करायची सोय ठेवली नाहीस.

योव्ना : चुकलं माझं. आवाजाचं डोक्यातच आलं नाही.

रिस्तेन : कसं येईल? आल्ता शहरातल्या गॅरेजात राहून डोक्यात नुसतं तेल भरलंय. कळपाच्या घरात जन्मलायस, लाज वाटत नाही? ईस्टरच्या शर्यतीसाठी केलंस ना हे? तळ्यावर पोरींसमोर मिरवायला.

योव्ना : ही स्प्रिंग लावून शर्यतीत उतरलो असतो तर शेवटून पहिला आलो असतो. तिथे गाडीने चटकन वेग घ्यायला हवा. ही उलटी आहे. मागे ओझं आलं की झटकन खालच्या गिअरसारख्या ताकदीला येते, पट्टा घट्ट धरून ठेवते. इंजिन वरच्या सुरात राहतं, पण चढावर बसकण मारत नाही.

रिस्तेन : मला कशाला हवंय ते?

योव्ना : ते तू मला विचारतेस? गेल्या वर्षी चढावर तू होतीस. मी नव्हतो.

रिस्तेन : तो विषय काढू नकोस.

योव्ना : मागे घसरगाडीत झटका येऊन तोंड वाकडं झालेले बाबा, आणि पुढे गाडी अर्ध्या चढावर बसलेली. पट्टा घसरून घसरून जळला. उघड्या हातांनी दुसरा चढवलास...

रिस्तेन : पुरे म्हणते ना. तू कुठे होतास तेव्हा? उबदार गॅरेजात.

योव्ना : होतो. नाकारतोय कुठे? पण उद्या त्याच चढावरून तू बाबांना पुन्हा नेणार आहेस. कळपाबरोबर विणीच्या कुरणावर जायचंच म्हणून ते हटून बसलेत. मग मी नुसता बघत बसू? पिंपात पाणी भरलं, बाबांच्या वजनाइतकं, घसरगाडीला बांधलं नि नेलं वर. मध्येच मुद्दाम थांबवली, तरी परत उचललं तिने.

रिस्तेन : तर मग तोंड उघडायचं होतंस.

योव्ना : कुणापुढे? बाबांनी बसवलेल्या स्प्रिंगला हात लावला की चर्चच्या घंटेला हात लावल्यासारखं होतं तुला.

रिस्तेन : त्या स्प्रिंगवर आपलं घर चालतं. जुनी बसव. आत्ताच्या आत्ता.

योव्ना : नाही बसवणार.

रिस्तेन : मग सरक. मी बसवते.

योव्ना : अगं हळू, दाबून बसवलीय ती. उडाली तर दात जातील.

रिस्तेन : जाऊ देत. चावायला तू आहेसच.

हेयका : (शेडच्या दारात येऊन, शब्द जुळवत) घरात... कॉफी पिऊ देत नाही तुम्ही.

योव्ना : बाबा! काठी कुठंय?

हेयका : आलो ना. जुनी बसवा.

योव्ना : अहो, पण तो चढ...

हेयका : चढ जड जातो माझ्यामुळे. गाडीमुळे नाही. मी घरी राहतो. मागे ओझं नाही. जुनी पुरेल.

रिस्तेन : काहीतरी काय बोलताय? आजवर एक वीण चुकवली नाहीत. सकाळपासून रेनडिअर पकडायचा दोर घेऊन बसलाय, वेटोळी घालताय, सोडताय.

हेयका : दोर टांगला. खुंटीला.

रिस्तेन : कधी?

हेयका : आत्ताच. तू ओरडत होतीस तेव्हा.

रिस्तेन : ...योव्ना, तो पाना खाली ठेव.

योव्ना : पाना तुझ्या हातात आहे.

रिस्तेन : मग घे हा. झाकण लाव. नवीच राहू दे. आणि हसायचं काम नाही, माझा राग गेलेला नाही. पेरकाकांची माफी मागायला तू जायचंस. एकट्याने.

योव्ना : जातो. पण कळपाचं काय?

रिस्तेन : निघायचं थोडं पुढे ढकलू. तोवर चारा टाकताना गाडी शेजारी चालू ठेवायची. खातील नि ऐकतील. गाडीवर तू बसायचंस, थंडीने नाक गळून पडलं तरी. घंटावाली म्हातारी जवळ येऊन उभी राहीपर्यंत हलायचं नाहीस.

योव्ना : आणि नाहीच आली तर?

रिस्तेन : तर बर्फ वितळेपर्यंत बस.

हेयका : येईल. माझाही आवाज... बदलला. कुंपणात हाक मारली, पळाल्या. परत मारली. रोज मारली.

योव्ना : मग?

हेयका : मग आली. ती म्हातारीच आधी.

रिस्तेन : योव्ना, बाबांना धरून आत ने. आणि तो दोर खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दे.