तांब्याचे डूल

तुम्ही आता कानात वाट्टेल ते लोंबकळवता गं, पण मला दोन डुलांपायी फाटकावर अडवलं होतं. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात तेव्हा मी बाटल्यांना लेबलं लावायचे. माझा भाऊ पाण्याच्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्याकडच्या जळक्या तांब्याच्या तारेचे मी घरीच डूल वळले होते. सुटीचा भोंगा झाला आणि झडतीवाल्या बाईंनी माझा कानच धरला.

"साहेब, हिनं मशीनच्या स्प्रिंगा घातल्यात!"

फाटकाजवळच्या केबिनमधल्या साहेबांनी निरखून पाहिलं. "हातानं इतके सारखे वेढे पडत नाहीत, बाई. खरं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

तान्ही पोर शेजारणीकडे ठेवलेली, ती भुकेनं रडत असणार. माझा पाय ठरेना आणि डोकं तर असं तापलेलं!

"द्या तार. करून दाखवते!"

त्यांनी खरंच स्टोअरमधून वीतभर तार मागवली. मी ती अंबाड्यातल्या आकड्यावर भराभरा गुंडाळली, टोक दातानं वाकवलं आणि डूल त्यांच्या टेबलावर आपटला.

"हा कंपनीचा. कानातले माझे. जाऊ आता?"

उत्तराची वाट न बघता मी घराकडे पळत सुटले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर साहेब स्वतः उभे. मी पदर कानांवर ओढून घेतला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, आमच्या मंडळी विचारतायत, दुसऱ्या कानात काय घालू?"